हात तिचा, सही माझी

११ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

कानाचं नवं यंत्र घेऊनही फोनवर निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने भरता, हे वाचून खूप हसले. मग आपलं कागदावरच बरं. मलाही लिहिल्याशिवाय आपल्याला नेमकं काय वाटतंय ते कळत नाही. वही भरत असते, पण वही उलट बोलत नाही. तुम्ही बोलता.

दवाखान्याचं विचारलंत. दोन खोल्या, एक काउंटर, पाच खुर्च्या. तुमचे भाऊ होते तेव्हा होतं तेवढंच आहे. गर्दी मात्र वाढली आहे, आणि ती माझ्यामुळे नाही. परवा एक नवीन बाई आल्या, दोन्ही गालांवर वांग. मी पंधरा मिनिटं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पर्स उचलली आणि दारात वळून विचारलं, "पण करणार छोट्या डॉक्टरच ना?" काउंटरवरच्या काकू खाली मान घालून हसत होत्या.

छोट्या डॉक्टर म्हणजे तुमची चिंगी. ती बिचारी दहादा सांगते, "अहो, मी डॉक्टर नाही, डॉक्टर बाहेरच्या खोलीत बसल्यात." लोक म्हणतात, "हो हो, त्या मोठ्या."

आमची पद्धत तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते. पेशंटला मी तपासते आणि त्याच्या कार्डावर शाईने एक आकडा लिहिते, म्हणजे लेझर किती जोराने मारायचा तो. कार्ड घेऊन चिंगी पेशंटला आतल्या खोलीत नेते, काम करते आणि आकड्याशेजारी बरोबरची खूण करते. ती येऊन नऊ वर्षं झाली, गेली तीन हेच चाललंय. तिचा एक हट्ट आहे. माणूस नवा असो की जुना, मोठ्या खंडानंतर आला की कानामागे एकच ठिपका मारायचा आणि दोन दिवसांनी परत बोलवायचं. लोक कुरकुरतात. ती म्हणते, "दोन दिवसांत तुमचा चेहरा कुठे पळून जात नाही." आणि आजवर आमच्याकडे एकालाही भाजलेलं नाही.

एक गोष्ट मात्र टोचते. हे गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, मी लेझर हातात धरलेला नाही. तेव्हा माझा हात थरथरायचा. चिंगी म्हणाली, "मामी, तुम्ही बसा." मी बसले ती बसलेच. हात केव्हाच थांबला, पण मी उठले नाही. याला विश्वास म्हणायचं की आळस, हे मी वहीत दोनदा लिहून दोनदा खोडलं.

पण वन्सं, तिने या नऊ वर्षांत माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. तुम्ही तुमची लेक मला दिलीत, हे मी विसरत नाही.

तुमची,
भावजय


२० फेब्रुवारी

प्रिय डॉक्टरीणबाई,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. तुझ्या दोन खोल्यांपैकी एकीत तू बसतेस आणि दुसरीत दवाखाना चालतो, असं माझ्या म्हातारीच्या लक्षात आलं. रागावू नकोस. नणंदेने एवढं बोलायचं नाही तर मग नणंद व्हायचं कशाला?

आता जरा नीट लिहिते. "तिने कधी काही मागितलं नाही" असं तू लिहिलंस. ही न मागणारी चिंगी कोण, मला काही ओळखीची वाटेना. माझी चिंगी बाहुलीसाठी दुकानासमोर भर रस्त्यात बसकण मारायची, तिच्या बापाला तिला काखेत मारून आणावं लागायचं. माणसं मोठी झाली की मागायचं थांबतात गं. त्यांना काही नको असतं म्हणून नव्हे.

तू तिला एकदा समोर बसवून विचार, बाई तुला काय हवंय. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. तुझं तू विचार.

माझे गुडघे आहेत तसेच आहेत. काल जिना उतरताना दोघंही एकमेकांशी भांडत होते.

तुझी,
नणंद


२ एप्रिल

ती. वन्सं,
सा. न.

तुम्ही विचार म्हणालात, मी विचारलं नाही. फेब्रुवारी गेला, मार्च लग्नांच्या गर्दीत गेला. असं म्हणते, पण खरं म्हणजे काय उत्तर येईल त्याची धास्ती होती. शेवटी काल तीच बोलली. दुपारी शेवटचं पेशंट गेलं होतं, ती यंत्राची काच पुसत होती.

"मामी, जूनपासून सुटी हवी होती."

"घे की. किती दिवस?"

"वर्षभर."

मला वाटलं चेष्टा करते आहे. मग तिने सांगितलं. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात भाजलेल्या माणसांच्या त्वचेवर काम करायला शिकवतात, वर्षभराचा अभ्यासक्रम आहे, तिची निवड झाली आहे. मी जे विचारायला नको होतं तेच आधी विचारलं, "मी तुला काय कमी केलं?"

ती म्हणाली, "काहीच नाही. पण मामी, इथे येणाऱ्यांना डाग घालवायचा असतो. तिथे येणाऱ्यांना चेहरा परत हवा असतो. मला ते शिकायचंय."

"आणि इथल्या लोकांनी काय करायचं?"

"तुम्ही आहात ना."

तिने हे अगदी सरळ म्हटलं. मला ते टोमण्यासारखं लागलं. मी म्हणाले, "जायचं तर जा. पण तुझी जागा वर्षभर रिकामी ठेवीन, असं धरून चालू नकोस." तिने काच पुसून संपवली. यंत्रावर कापड घातलं. मग म्हणाली, "जायच्या आधी एक दिवस माझ्यासोबत यंत्रावर बसा. दुरुस्तीनंतर त्याला एक खोड लागलीय, ती मी तुम्हाला दाखवते." मी म्हटलं, "हे यंत्र तू यायच्या आधीपासून मी चालवतेय. मला त्याच्या खोडी शिकवू नकोस."

हे लिहून काढलं आणि आता वाचताना कान गरम झाले. पण वन्सं, मी घाबरले आहे. चाळीस पेशंट तिच्या नावाने येतात. तुम्ही तिला समजवा. वर्षभर पुढे ढकल म्हणावं. तुमचं ती ऐकेल.

तुमची,
भावजय


९ एप्रिल

प्रिय डॉक्टरीणबाई,
आशीर्वाद.

नाही समजावणार.

मी तुला पोरगी कामाला दिली होती, आंदण दिली नव्हती. एकतिसाव्या वर्षी तिला काही शिकावंसं वाटतंय, तर तिला डबा बांधून द्यायचा की दार अडवून उभं राहायचं? ती माझं ऐकेल म्हणतेस, तेच तर खरं दुखणं आहे. ती माझं फार ऐकते. त्यातलं किती ऐकायला नको होतं, ते मलाच ठाऊक. तो विषय पुन्हा केव्हातरी.

तू तिच्यासोबत यंत्रावर बस. एक दिवसच मागते आहे ना? मग बस. तुझी पदवी काही झिजत नाही.

तुझी,
नणंद


१४ जून

ती. वन्सं,
सा. न.

दोन महिने लिहिलं नाही, क्षमा असावी.

चिंगी तयारीसाठी पंधरा मेलाच गेली. शेवटच्या दिवशी तिने सगळी कार्डं आडनावांप्रमाणे लावली, काउंटरवरच्या काकूंच्या गळ्यात पडून रडली, माझ्या पाया पडली. मी "नीट राहा" एवढंच म्हणाले. यंत्रावर मी बसले नाही. तीही पुन्हा म्हणाली नाही.

पहिले तीन आठवडे लेझरच्या पेशंटना मी पुढच्या तारखा देत राहिले. काहींनी काकूंना आडून विचारलं की छोट्या डॉक्टर कधी येणार, आणि मग आलेच नाहीत. शेवटी सहा तारखेला मी मनाचा हिय्या केला. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आहेत, चार वर्षं आमच्याकडे येतात, चिंगीच्या फार लाडक्या. मधे दोन महिने आल्या नव्हत्या. मी त्यांचं कार्ड काढलं. माझ्याच अक्षरात आकडा, वीस. शेजारी चिंगीच्या बरोबरच्या खुणा, एकामागोमाग एक. मी वीस लावले. कानामागचा ठिपका मारला नाही. इतक्या जुन्या पेशंटला कशाला, असं वाटलं. आणि खरं सांगते, चिंगीचा हट्ट तिच्याबरोबर गेला, असंही वाटलं.

पहिल्या ठोक्याला बाई म्हणाल्या, "आज जरा जास्त लागतंय."

मी म्हणाले, "सवय गेली असेल, दोन महिन्यांनी आलात ना." त्या शिक्षिका आहेत, सांगितलेलं ऐकणाऱ्या. गप्प पडून राहिल्या. आठव्या ठोक्याला मला वास आला. मी हात उचलला.

डाव्या गालावर आठ चौकोन उमटले, फरशी बसवल्यासारखे. आधी लाल, चौथ्या दिवशी तपकिरी. बाई रागावल्या नाहीत. आरशात बघून म्हणाल्या, "मुलं विचारतील हो." तेवढंच. त्यांचा भाऊ वकील आहे, तो मात्र रागावला. त्याने लेखी खुलासा मागितला. तो दिला.

यंत्र बंद ठेवलंय. माझं चित्त ठिकाणावर नाही. चिंगीला यातलं काही कळवू नका, तिचा अभ्यास नुकता सुरू झाला असेल.

तुमची,
भावजय


५ जुलै

आज डॉक्टरीणबाई म्हणत नाही.

"तो दिला." तीन आठवडे मी हे दोन शब्द वाचले आणि पुढे गेले. काय दिलंस ते तू लिहिलं नाहीस. आता मला कळलंय, कारण चिंगी परवा बॅग घेऊन दारात उभी राहिली.

तू लिहून दिलंस, की यंत्रातल्या दोषाची माहिती आधीच्या सहायक मुलीला होती आणि तिने ती नोंदवलीही नाही, सांगितलीही नाही. वर ती आता कुठल्या रुग्णालयात शिकते तेही लिहिलंस. पत्ता कशाला दिलास गं? त्या वकिलाने खुलाशाची एक प्रत तिथे पाठवली. तिथल्या लोकांनी चिंगीला बोलावून विचारलं. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं." ते म्हणाले, "तुमच्या डॉक्टर लिहितात की नाही सांगितलं." भाजलेल्या माणसांच्या अंगाला हात लावायचं काम, त्यात असा ठपका चालत नाही. तिला घरी पाठवलं.

तुझं दोन एप्रिलचं पत्र माझ्यासमोर उघडं आहे. माझे डोळे कानांपेक्षा बरे आहेत. "दुरुस्तीनंतर त्याला एक खोड लागलीय, ती मी तुम्हाला दाखवते." हे तिने म्हटल्याचं तू तुझ्या हाताने मला लिहिलंस. आणि दोन महिन्यांनी त्याच हाताने लिहिलंस की तिने सांगितलं नाही. तुझ्या वहीत रोज स्वतःला तपासतेस ना? मग या दिवशी काय लिहिलंस?

आता माझंही पाप लिहिते, म्हणजे आपण दोघी एका पंगतीत बसू. हाच अभ्यासक्रम चिंगीला तीन वर्षांपूर्वी मिळाला होता. माझा भाऊ जाऊन वीस दिवस झाले होते. तुझा हात थरथरत होता. मी तिला म्हणाले, "मामी एकटी पडलीय, तिचा दवाखाना बसला तर ती उभी राहायची नाही. तू थांब." तिने दिवसभर घर झाडून काढलं. रात्री म्हणाली, "बरं." आणि मला शपथ घातली की मामीला कधी कळू द्यायचं नाही, नाहीतर तिला ओझं वाटेल.

तिने कधी काही मागितलं नाही असं तू लिहिलंस, त्या दिवशी मी ताटावरून उठले होते.

नणंद


१९ जुलै

ती. वन्सं,

नमस्कार लिहायचा मला अधिकार आहे की नाही, कळत नाही. तरी लिहिते. सा. न.

तुमचं पत्र आलं त्या दुपारी मी आतल्या खोलीत गेले. यंत्राच्या खालच्या कप्प्यात दुरुस्तीची नोंदवही असते. दोन वर्षांपूर्वीच्या पानावर चिंगीचं अक्षर आहे: "दुरुस्तीनंतर यंत्र दाखवतं त्यापेक्षा जोरात मारतंय. वीस लावले तर चोवीससारखं लागतं, स्वतःच्या हातावर करून पाहिलं. मामींना सांगितलं." खाली माझं अक्षर: "ठीक. चिंगीने तिच्या अंदाजाने कमी करून घ्यावे." खाली माझी सही आणि तारीख.

स्वतःच्या हातावर, वन्सं. तेव्हा तिच्या मनगटावर एक चौकोन दिसायचा. मी विचारलं होतं, ती म्हणाली होती, "इस्त्री लागली."

म्हणजे दोन वर्षं माझे आकडे चुकीचे होते. मी कार्डावर वीस लिहायची, ती आत जाऊन सोळा लावायची आणि माझ्या विसाशेजारी बरोबरची खूण करायची. कार्डावरचा माझा आकडा तिने एकदाही खोडला नाही. पेशंट बरे होत गेले आणि मला वाटत राहिलं की माझं निदान अचूक आहे.

खुलासा लिहिताना ही नोंद मला आठवली नव्हती, हे खरं आहे. नोंदवही बघायला मी उठलेही नाही, हेही खरं आहे. आणि एप्रिलमधलं तिचं बोलणं आठवलं होतं. वकील समोर बसला होता, त्याने विचारलं, "तुम्हाला कुणी कल्पना दिली होती?" त्या क्षणी एक वाट दिसली आणि मी त्या वाटेने गेले. त्या दिवशी वहीत काय लिहिलं, असं तुम्ही विचारलंत. "आज फार थकवा." इतकंच आहे. एकवीस वर्षांच्या वह्यांमधलं सगळ्यात खोटं वाक्य ते असेल.

काल तीन पत्रं पाठवली. वकिलाला, रुग्णालयाला आणि आमच्या वैद्यकीय परिषदेला. दोष माझा, माहिती मला दिलेली होती, सही माझी, हे लिहिलं आणि नोंदवहीच्या पानाची प्रत जोडली. शिक्षिका बाईंच्या घरी जाऊन समोर बसून सांगितलं. परिषद जे करेल ते करो.

तीन वर्षांपूर्वीचं तुम्ही लिहिलंत, ते मात्र मला कुठे ठेवायचं तेच कळत नाही. मी समजत होते की ती माझ्या मायेने राहिली. ती तुमच्या शब्दाला राहिली. सकाळी ती माझा चहा माझ्या टेबलावर ठेवायची, कपाची कडी माझ्या उजव्या हाताला करून. ती माया होती की दया, हे आता मी कुणाला विचारू?

तिला भेटायला येऊ का?

तुमची,
भावजय


२८ ऑगस्ट

आशीर्वाद.

तुझ्या चिठ्ठीने रुग्णालयाचे डोळे उघडले. त्यांनी कळवलंय की यंदाची जागा दुसरीला दिली गेली, पण पुढच्या जूनची चिंगीसाठी राखून ठेवतो. माफीही मागितली आहे. चिंगीने पत्र वाचलं, घडी घातली, म्हणाली, "बरं." तीन वर्षांपूर्वी म्हणाली होती तसंच.

सध्या ती कापडाच्या दुकानात जाते. गिऱ्हाइकांना कापड मोजून देते. मालक खूश आहे, म्हणतो, या मुलीच्या हाताखाली कापड सरळच फाटतं. घरी आली की हात मांडीखाली दाबून बसते. लहानपणी मार खाल्ला की अशी बसायची.

माया की दया, असं विचारलंस. दोन्ही असतं गं. मी तिला "थांब" म्हटलं होतं. "जीव लाव" असं म्हटलं नव्हतं. तो तिने तिच्या मनाने लावला. म्हणून तर एवढं लागलं. परक्याने असं लिहिलं असतं तर माझी चिंगी त्याच्या दारात जाऊन भांडली असती.

येऊ नकोस. तू आलीस तर ती चहा करेल, कपाची कडी तुझ्या बाजूला करेल, हसेल, आणि तुला वाटेल मिटलं. ते मला बघवणार नाही. कुणाला दुखवायचं नाही म्हणून तिने आजवर फार हसून घेतलंय. आता तिला नाही हसायचं, तर न हसू दे.

तुझ्यावरचा माझा राग अजून आहे. माझ्यावरचा त्याहून मोठा आहे. शिक्षिका बाईंचा गाल अजून काळाच आहे, असं तू परवाच्या चार ओळींच्या चिठ्ठीत लिहिलं होतंस. ते मी तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती कागद शोधत होती.

नणंद


१५ ऑक्टोबर

डॉक्टर यांस,
स. न. वि. वि.

शिक्षिका बाईंच्या गालाबद्दल आईकडून कळलं. त्यांची त्वचा मला चार वर्षं माहीत आहे, म्हणून लिहिते आहे.

सहा महिने त्यांच्या गालाला लेझर लावू नये. पीलिंगही नको. त्यांनी आग्रह केला तरी नको, त्या आग्रह करतात. फक्त साधं मलम, दोन वेळा, चोळायचं नाही, टेकवायचं. सनस्क्रीन घरात असतानाही. त्यांच्या वर्गात खिडकी डाव्या हाताला आहे, सकाळचं ऊन सरळ त्याच गालावर येतं. टेबल फिरवून घ्यायला सांगावं. त्यांना संकोच वाटेल, मुख्याध्यापकांना चिठ्ठी द्यावी. चौकोनांच्या कडा आधी फिकट होतील आणि मधला भाग मागे राहील, तेव्हा त्या घाबरतील. ते तसंच असतं, असं आधीच सांगून ठेवावं.

आता एक गोष्ट एकदाच लिहिते, म्हणजे पुन्हा लिहावी लागणार नाही.

तुम्ही तीन ठिकाणी पत्रं पाठवलीत, त्याबद्दल आभार. तसं कुणी लवकर करत नाही हे मला माहीत आहे. पण नोंदवही कुठल्या कप्प्यात आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रुग्णालयात मला विचारलं तेव्हा मी एका वाक्यात सांगू शकले असते, त्या पानावर त्यांची सही आहे, मागवून बघा. मी सांगितलं नाही. घरी आल्यावर आई म्हणाली सांग, तरी सांगितलं नाही. मी वाट बघत होते. वाटत होतं की आज ना उद्या तुम्ही म्हणाल, चिंगी असं करणार नाही. काही न शोधता. कुठलंही पान न बघता. नऊ वर्षांवरूनच म्हणाल.

तुम्हाला पान सापडलं आणि मग तुम्ही खरं लिहिलंत. पानावर तर कुणीही विश्वास ठेवतं.

मी जूनमध्ये जाणार आहे. बाईंचा गाल कसा आहे तेवढं महिन्यातून एकदा कळवावं. बाकी काही लिहू नये, ही विनंती.

आपली,
पूर्वीची सहायक


२० नोव्हेंबर

चिंगी,

बाईंचं टेबल फिरवलं. मुख्याध्यापकांना चिठ्ठी दिली, त्यांनी पडदाही लावून दिला. मलम सकाळ-संध्याकाळ चालू आहे. पहिल्या आठवड्यात त्या चोळत होत्या, मी रोज शाळा सुटताना जाऊन स्वतः लावून दिलं. आता त्यांना जमतं.

वरचे तीन चौकोन जवळजवळ गेले. खालच्या पाचांच्या कडा फिकट झाल्या आहेत, मधला भाग काळा आहे. तू लिहिलं होतंस तशा त्या घाबरल्या नाहीत, कारण आधीच सांगितलं होतं. लेझरचा आग्रह त्यांनी दोनदा केला. दोन्ही वेळा नाही म्हणाले.

परिषदेने मला सहा महिने लेझर चालवायला मनाई केली आहे. हे बाईंच्या उपचाराशी संबंधित आहे म्हणून लिहिलं. यंत्र कंपनीकडे परत पाठवलं.

परवा बाईंनी विचारलं की हे सगळं इतकं बारकाईने कुणी सांगितलं. मी तुझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग बरोबरच असणार." त्यांनी कुठला कागद मागितला नाही.

डिसेंबरच्या वीस तारखेला पुन्हा कळवते. तू सांगितलंस तेवढंच लिहिलं आहे. बाकीचं लिहीत नाही.

बाहेरच्या खोलीतली